वॉटर-बेस्ड रंगाला नापास करण्याआधी चाचणीतल्या या चुका टाळा

लष्करी वाहनांसाठी वॉटर-बेस्ड संरक्षक रंग तपासायला आला की कुणीतरी म्हणतंच, "पाण्याचा रंग तो, टिकणार किती?" मग पॅनेलवर, म्हणजे चाचणीसाठी रंगवलेल्या धातूच्या पत्र्यावर, फोड उठले की सगळे माना डोलावतात. पण बऱ्याचदा दोष रंगाचा नसतो. थिनरच्या रंगावर बसलेला हात इथेही जुन्याच सवयीने चालतो.

सर्वात जास्त घोळ दमटपणाचा. थिनर दमट हवेतही उडून जातो, पाणी मात्र अडून बसतं. त्यात पॅनेल घाईने ओव्हनमध्ये गेलं की अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन फोड येतात. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगात आणखी एक भानगड आहे: हार्डनरमधलं, म्हणजे रंग घट्ट करणाऱ्या भागातलं, आयसोसायनेट पाण्याशीही अभिक्रिया करतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोट जाड असेल तर वायूला वाट मिळत नाही, पृष्ठभागावर बारीक छिद्रं पडतात. म्हणून पॅनेल २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेच्या आसपास तयार करा, धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी वर ठेवा, आणि हे आकडे त्याच वेळी वहीत लिहा. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीवर माझा तरी विश्वास नाही.

दुसरी चूक जास्त फसवी. पॉट लाइफ, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर रंग वापरण्याची मुदत, संपली की थिनरचा रंग डब्यातच घट्ट होतो, त्यामुळे वेळ गेल्याचं कळतं. वॉटर-बेस्ड रंगांपैकी अनेक मुदत उलटल्यावरही पातळच राहतात. फवारा सुंदर येतो, पण कोटातल्या रेणूंचं जाळं नीट विणलं जात नाही. असा कोट रासायनिक अस्त्रातलं द्रव्य शोषून घेतो, मग विष काढण्याची धुलाई करूनही ते पुरतं निघत नाही. इथे डोळ्यांवर नव्हे, घड्याळावर भिस्त ठेवा.

ब्लास्टिंग केलेल्या, म्हणजे खरखरीत कणांच्या माऱ्याने साफ केलेल्या उघड्या पोलादावर रंग ओला असतानाच तांबूस डाग उमटले, तर तो फ्लॅश रस्ट. धातूवर क्षार राहिलेत का ते आधी पाहा.

आता व्हीओसी, म्हणजे रंगातून हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं; ती कमी करण्यासाठीच हा सगळा खटाटोप. रंग तापवून एकूण किती उडालं ते मोजायचं आणि त्यातून पाणी वजा करायचं, ही पद्धत इथे दगा देते. समजा ५५ टक्के उडालं आणि त्यातलं ५२ टक्के पाणी होतं, तर व्हीओसी उरलं ३. पाण्याचा आकडा फक्त १ टक्क्याने हुकला तर उत्तर एक तृतीयांशाने चुकतं! व्हीओसी इतकं कमी असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने, थेट मोजलेलं बरं.

छद्मावरणाच्या रंगाची चमक फक्त ६० अंशांच्या कोनातून मोजून थांबू नका. तिरप्या उजेडातली चकाकी ८५ अंशांतच पकडली जाते. जवळच्या इन्फ्रारेडमधलं परावर्तनही वेगळं तपासावं लागतं, कारण डोळ्यांना पानासारखा दिसणारा हिरवा रंग रात्रीच्या दुर्बिणीत उठून दिसू शकतो.

राहिला सॉल्ट स्प्रे, म्हणजे गंज रोखण्याची चाचणी. ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, ३५ अंश सेल्सिअस, सतत ओलं. कोट पूर्ण सुकायच्या आत, अनेकदा सात दिवसही न थांबता, पॅनेल त्यात ढकललं जातं. शिवाय खऱ्या गाडीला ऊनही लागतं आणि ती मधूनमधून कोरडीही होते, त्यामुळे ओलं-कोरडं आलटून पालटून करणारी चाचणी जोडीला हवीच.