डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर सायकल चालवताना या चुका टाळा

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या उत्तर व्हर्जिनियात नवी सायकल घेतली की जो तो आधी डब्ल्यू अँड ओडी ट्रेल गाठतो, आणि ते योग्यच आहे. शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत 45 मैल सलग डांबरी वाट, तिच्यावर मोटारी नाहीत, अंगावर येणारे चढ नाहीत. वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन रेल्वे 1968 साली बंद पडली. तिच्याच मार्गावर तुकड्यातुकड्याने ही वाट होत गेली आणि 1988 साली ती पर्सेलव्हिलला पोचली. पण ‘सोपा ट्रेल आहे’ एवढंच ऐकून लोक येतात आणि त्याच त्या चुका करतात. त्यातली एक चूक तर जिवावर बेतणारी आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ट्रेलवर मोटारी नसल्या तरी ट्रेल ओलांडणारे रस्ते भरपूर आहेत. तिथे थांबण्याची पाटी सायकलवाल्यांसाठी असते, तरी लोक वेग मोडायचा कंटाळा करतात. त्याहून फसवी असते ती मोटारवाल्याची भलाई. तो थांबतो, हाताने ‘जा’ म्हणतो आणि आपण निघतो. पण शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला थांबलेल्या गाडीआडून आपण दिसतच नाही. आमच्यासोबत एकदा एक तरुण आला होता, दणकट, वेगाची हौस असलेला. असाच हात बघून तो निघाला. दुसऱ्या लेनमधल्या गाडीने करकचून ब्रेक मारला, तेव्हा तिच्या बंपरमध्ये आणि त्याच्या पुढच्या चाकात हातभर अंतर उरलं होतं. त्याला खरचटलंही नाही. कडेला बसून पाणी प्यायला गेला तर बाटलीचं झाकण उघडेना, बोटं इतकी थरथरत होती.

माझी सवय सांगतो. क्रॉसिंग दिसलं की आधी गिअर हलका करायचा, म्हणजे थांबून पुन्हा निघताना जोर लागत नाही. मग पाय जमिनीला टेकवायचा. पहिली गाडी थांबली तरी पुढच्या लेनपाशी पुन्हा थांबून बघायचं, आणि तिथल्या चालकाची नजर आपल्यावर पडली आहे याची खात्री झाल्याशिवाय तिच्यासमोर जायचं नाही. यात दहा-पंधरा सेकंद जातात. ज्यांना तेवढीही घाई आहे त्यांनी या ट्रेलवर येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीट खाली ठेवणं ही दुसरी सार्वत्रिक चूक. दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं, पण दहा मैलांनंतर गुडघे बोलायला लागतात. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. चालवताना टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप मिळतो.

लीसबर्गच्या पश्चिमेला क्लार्क्स गॅपकडे जाताना एक तक्रार हमखास ऐकू येते : “सायकल जड झालीय, ब्रेक घासतोय बहुतेक.” ब्रेक घासत नसतो, तो चढ असतो. आगगाडीला उभा चढ झेपत नाही, म्हणून रेल्वेवाले तो मैल मैल पसरून देतात. डोळ्याला तो सपाट दिसतो, मांड्यांना मात्र कळतो. शंका असेल तर उतरून चाक उचला आणि फिरवा. मोकळं फिरलं तर गिअर उतरवा आणि निवांत चालवा. नवखे नेमके इथेच चिडून जोर लावतात आणि दमून जातात.

आता माझं खरं दुखणं. लोक पंचेचाळीसच्या पंचेचाळीस मैल मारतात आणि गावं न बघताच परततात! रूळ गावाच्या पाठीमागून जायचे, त्यामुळे ट्रेलवरून बऱ्याचदा गावाची फक्त मागची बाजू दिसते. ट्रेलवरच्या व्हिएन्ना गावात लाल कबूस, म्हणजे मालगाडीच्या शेवटी जोडायचा गार्डचा डबा, ट्रेललगतच उभा आहे आणि 1859 सालचं फ्रीमन स्टोअरही तिथेच आहे. याच व्हिएन्नाजवळ 17 जून 1861 रोजी संघराज्याच्या सैनिकांना घेऊन येणाऱ्या आगगाडीवर बंडखोर दक्षिणेच्या तोफांनी मारा केला होता. अमेरिकन यादवी नुकती पेटली होती तेव्हाची ही गोष्ट, आणि आपण त्याच मार्गावरून पाणी पीत, गप्पा मारत जात असतो. हर्नडनचं जुनं स्टेशन तर ट्रेलला खेटून आहे. लीसबर्गला मात्र मुद्दाम वळावं लागतं : 1758 साली वसवलेलं जुनं गाव ट्रेलच्या उत्तरेला आहे, किंग स्ट्रीटवर वळलात की थोड्याच वेळात कोर्टापाशी पोचता. निदान एका गावात सायकल कुलूप लावून ठेवा आणि पायी फिरा. मैल पुढच्या रविवारीही मोजता येतील.

कानात इअरफोन घालू नका. मागून ‘ऑन युवर लेफ्ट’ (म्हणजे ‘तुमच्या डावीकडून पुढे जातोय’) असा आवाज आला की उजवीकडे राहा, वळून बघताना डावीकडे सरकू नका. स्वतः पुढे जाताना घंटी वाजवा किंवा आवाज द्या. फोटोसाठी थांबलात तर सायकल वाटेवरून पूर्ण बाजूला घ्या. व्हिएन्नापासून पुढे शेजारून जाणारी खडीची वाट घोड्यांसाठीही आहे, तेव्हा घोडा दिसला की वेग कमी करा. पावसानंतर पुलावर लाकडी फळ्या असतील तर त्यावर ब्रेक दाबू नका आणि वळूही नका. जादा ट्यूब, टायर लिव्हर, पंप जवळ हवेच, आणि ट्यूब बदलायचा सराव घरी झालेला हवा.

उन्हाबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. ‘झाडीतला ट्रेल’ असं समजून लोक एकच बाटली आणतात. रेल्वेनंतर ही जमीन वीज कंपनीकडे गेली होती आणि आजही बऱ्याच भागात डोक्यावरून उच्चदाबाच्या तारा जातात. तारांखाली उंच झाडं वाढू देत नाहीत, म्हणजे सावलीही नाही. जुलैत दोन बाटल्या घ्या, सकाळी लवकर निघा.

परतीचं गणित निघतानाच करा. ईस्ट फॉल्स चर्च आणि वीले-रेस्टन ईस्ट ही मेट्रो स्टेशनं ट्रेलपासून जवळ आहेत आणि मेट्रोत सायकल नेता येते. लीसबर्ग-पर्सेलव्हिलकडे मेट्रो नाही, तिथून परत यायचं तर पायांवर किंवा कुणाच्या तरी गाडीतून. पाय अर्धे थकले की जिथे असाल तिथून मागे फिरा.