खाऱ्या टाकीत रोजची भर गोड्या पाण्याची

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात समुद्री माशांच्या मोठ्या टाकीतलं पाणी बघता बघता उतरतं, वर पंखा लावला असेल तर आणखीच. तिथल्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आधी मीठ कालवलेलं पाणीच भरायचो. आठवड्याभरात खारटपणा चढला, मासे मलूल. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं, हे सुचायला हवं होतं!

१. सगळे पंप चालू असताना पाण्याच्या पातळीला बाहेरून चिकटपट्टी लावा. खाली संप, म्हणजे गाळणीची दुसरी टाकी, असेल तर पट्टी रिटर्न पंपाच्या (पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यावर. घट तिथेच दिसते, वरची टाकी भरलेलीच वाटते.

२. रोज सकाळी पट्टीपर्यंत बिनमिठाचं आरओचं पाणी हळूहळू ओता. एकदम बादली उपडी करू नका. नळाचं पाणी नको, शेवाळ माजतं.

३. आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाने, तपासा. घनता १.०२५ च्या आसपास हवी.

मात्र पाणी काढून बदलताना नवं पाणी मिठाचंच, वेगळ्या बादलीत आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीही टाकू नका.