गोठ्याच्या कोब्यात पाणी साचतंय? नुसतं सिमेंट ओतू नका

आमच्या गोठ्यात गव्हाणीपासून तीन-एक फुटावर, बरोबर जिथं म्हशीचे मागचे पाय येतात तिथं कोबा बसला होता. धुतलं की तिथंच पाणी आणि मूत साचायचं, म्हस त्यातच बसायची, कास सारखी ओली. असल्या ओल्यात दगडी (कासेची सूज) व्हायला आणि खुरं सडायला वेळ लागत नाही. मी काय केलं, वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं, पाणी मारलं, थापी फिरवली. दिसायला झकास! महिन्याभरात भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं सगळं वर आलं. मग दुसऱ्यांदा नीट केलं ते सांगतो.

आधी पहार उलटी धरून खड्ड्यावर आणि आजूबाजूला ठोकून बघा. आवाज भरीव आला तर वरून भरून भागतं. ढबढब असा पोकळ आला तर खालची भर खचलीय नाहीतर घुशीनं पोखरलंय, तिथं वरून कितीही भरा, परत बसणार. तेवढा तुकडा फोडायचा, मुरूम थराथरानं टाकून पाणी मारत धुम्मस करायची आणि चार इंच नवीन काँक्रीट घालायचं, दुसरा इलाज नाही.

आवाज भरीव असेल तर बादलीभर पाणी ओता, वाहून जाऊ द्या आणि जे उरलंय त्याच्या कडेनं विटेच्या तुकड्यानं रेघ मारा. आता महत्त्वाचं, बहुतेक जण इथंच चुकतात. पाणसळ लावून खड्डा सपाट करायचा नसतो, गोठ्याला ढाळ लागतो, दहा फुटाला साधारण दोन ते तीन इंच. म्हणून गव्हाणीच्या कडेपासून नालीच्या काठापर्यंत दोरी जमिनीला टेकवून ताणून धरा. दोरीच्या खाली जेवढी फट दिसते तेवढीच तुमची भर. आमच्याकडं सगळ्यात खोल जागी सव्वा इंच निघाली. आणि मुळात ढाळच नसेल (लेव्हल ट्यूबनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं बघून घ्या) तर एक खड्डा भरून काही होत नाही, पाणी शेजारी जाऊन बसेल.

खरं काम फोडण्याचं आहे. रेघेच्या थोडं बाहेरून ग्राइंडरनं अर्धा इंच खोल सरळ काप मारा, म्हणजे नवीन मालाला कड मिळते. कडेला पातळ होत गेलेला माल खुराखाली पहिल्यांदा तुटतो. आतल्या भागात छन्नी-हातोडीनं दाट टाचे मारायचे आणि कडेलासुद्धा निदान अर्धा इंच खोली आणायची. शेणामुताचा गुळगुळीत थर निघून खालची खडी दिसली पाहिजे, डोळ्याला चष्मा लावा, चिपा उडतात. मग धुण्याचा सोडा टाकून तारेच्या ब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा आणि रात्रभर ओलं ठेवा. सकाळी साचलेलं पाणी पुसून घ्या, कोबा ओलसर पाहिजे पण वर पाणी चमकायला नको.

माल एकास तीन, सिमेंट एक आणि चाळलेली वाळू किंवा क्रश सँड तीन. दीड इंचापेक्षा खोल असेल तर बारीक खडीही घाला. चार बाय तीन फुटाच्या आणि सरासरी इंचभर खोल खड्ड्याला पंधरा किलोच्या आसपास सिमेंट लागतं, अख्खं पोतं फोडायची गरज नाही. पाणी बेतानं, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. माल सैल केला की पसरायला सोपा जातो, पण तडकतोही तोच. आधी सिमेंट, पाणी आणि एसबीआर लॅटेक्स (जुन्याला नवीन माल चिकटवायचं दुधासारखं रसायन, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, प्रमाण डब्यावर असतं) यांचं रबडं ब्रशनं टाच्यांत घासून भरा आणि ते ओलं असतानाच माल टाका. रबडं वाळलं तर ते चिकटवायच्या ऐवजी सुटायला मदत करतं, म्हणून माल कालवून तयार ठेवूनच रबडं लावायला घ्या. हातात रबरी मोजे घाला, सिमेंटनं कातडी भाजते.

माल दाबून भरा, जुन्या कोब्यावर दोन्हीकडं टेकेल अशी सरळ पट्टी ढाळाच्या दिशेनं ओढा आणि रंधा (गवंड्याची लाकडी थापी) फिरवा. पत्र्याच्या थापीनं घोटून आरसा करू नका, जनावर घसरलं तर पाय जातो. जरा आवळलं की खराटा हलक्या हातानं ओढा, जुन्या रेघा ज्या दिशेला आहेत त्याच दिशेनं.

हे काम भर उन्हात करू नका, आम्ही दुपारनंतर पत्र्याची सावली आल्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशीपासून गोणपाट टाकून ओलं ठेवायचं, लॅटेक्सच्या डब्यावर वेगळं काही लिहिलं नसेल तर सात दिवस. तोवर जनावरं बाहेर, चिंचेखाली बांधा. पाच-सहाशे किलोची म्हस चार खुरांवर उभी राहते, ते वजन कच्च्या मालाला झेपत नाही. मी दहा दिवस थांबलो, घरात कुरकुर झाली पण थांबलो.

मग परत बादलीभर पाणी ओतून बघा. रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढं कुठं उरलं तर सोडून द्या, तेवढं खराट्यानं निघतं.