निवाऱ्यातल्या कुत्र्याची ओळख लिहिताना

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आठवड्यातून दोन दिवस कुत्र्यांच्या एका शेल्टरमध्ये जायला लागले. सुरुवातीचे काही आठवडे पिंजरे धुणं, पाण्याची भांडी घासणं, चादरी वाळत घालणं एवढंच काम होतं. एक दिवस तिथल्या ताईंनी विचारलं, “तुला लिहायला आवडतं ना? मग या तिघांची प्रोफाइल्स लिहून दे.” प्रोफाइल म्हणजे दत्तक घ्यायला येणाऱ्यांसाठी कुत्र्याची ओळख: एक फोटो, वय, लसीकरण, नसबंदी आणि स्वभावाविषयी शंभर-दीडशे शब्द. मी अर्ध्या तासात तिन्ही लिहून दिली. ताईंनी बोटानं नावं झाकली आणि विचारलं, “यातलं मोतीचं कुठलं?” मला ओळखता आलं नाही. तिन्हींत ‘अतिशय प्रेमळ’ होतं, तिन्हींत ‘खेळकर’ होतं आणि तिघंही ‘हक्काच्या घराच्या शोधात’ होते.

त्या दिवशी मी वही घेऊन मोतीच्या पिंजऱ्यासमोर बसले. दाराची कडी वाजली की तो मागच्या भिंतीला लागून उभा राहायचा, शेपूट पोटाशी. मी त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि घड्याळ लावलं. अकराव्या मिनिटाला माझ्या कोपराला काहीतरी ओलं लागलं. त्याचं नाक होतं. मी हललेच नाही. मग तो माझ्या मांडीला टेकून बसला आणि उठायला गेले तर पंजा माझ्या बुटावर ठेवला.

नवं प्रोफाइल असं झालं: ‘मोती नवीन माणसाकडे लगेच येत नाही. त्याच्याकडे पाठ करून शांत बसलात तर दहा-बारा मिनिटांत तो आपणहून येईल, आणि एकदा आला की तुम्ही उठू नये म्हणून तुमच्या बुटावर पंजा ठेवेल.’ यात ‘प्रेमळ’ हा शब्द कुठेच नाही, पण वाचणाऱ्याला तो दिसतो. शिवाय भेटायला येणाऱ्याला काय करायचं तेही कळतं, आणि हे फार महत्त्वाचं आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या एका शेल्टरमध्ये अशा पहिल्या भेटींचा अभ्यास झाला होता. भेट सरासरी आठ मिनिटंच चालायची. कुत्रा माणसाजवळ येऊन पडला तर दत्तक जाण्याची शक्यता वाढायची, माणसानं खेळायला बोलावलं आणि त्यानं लक्षच दिलं नाही तर ती कमी व्हायची. म्हणजे मोतीला अकरा मिनिटं लागतात हे आधी सांगितलं नसतं, तर लोक आठव्या मिनिटाला निघून गेले असते. म्हणून मी प्रत्येक कुत्र्याबद्दल हे हमखास लिहिते: तो चेंडूमागे धावतो की दोरी ओढतो, की खेळतच नाही आणि नुसतं शेजारी बसायला त्याला आवडतं.

एका बैठकीत मात्र कुत्रा कळत नाही. शेल्टरमध्ये दिवसभर भुंकण्याचा गोंगाट, फिनाइलचा वास आणि अनोळखी पावलांची ये-जा असते. तिथे गुरगुरणारा कुत्रा घरी गेल्यावर कधीकधी दाराशी निवांत झोपतो, आणि तिथे गप्प पडून राहणारा कधीकधी फक्त घाबरून थिजलेला असतो. २०१९ च्या एका अभ्यासात शेल्टरमधल्या कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी झोपायला नेलं, तर त्यांचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीरातलं ताणाचं संप्रेरक, घरी असेपर्यंत कमी झालेलं आढळलं. त्यामुळे कुणी फॉस्टर करत असेल, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्र्याला तात्पुरतं आपल्या घरी ठेवत असेल, तर मी आधी त्यांना फोन करते. घरात रात्री कुठे झोपतो, बेल वाजली की काय करतो, एकटा किती वेळ राहतो. याची उत्तरं पिंजऱ्यासमोर बसून मिळत नाहीत. पिंजरे साफ करणाऱ्या मावशी आणि फिरायला नेणारी मुलं यांनाही विचारा. सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडे असते आणि त्यांना कुणी विचारत नाही. आणि लिहिताना कुठे पाहिलं तेही लिहा: ‘फॉस्टरच्या घरी तो दोन मांजरींबरोबर राहिला’ आणि ‘मांजरींशी पटतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वय आणि जात याबाबत हात आखडता ठेवा. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात आलेले असतात. तोवर वय बऱ्यापैकी सांगता येतं, पुढे सगळं दातांच्या झिजेवरून बांधलेलं अनुमान. डॉक्टर जे सांगतील ते ‘अंदाजे’ लावून लिहायचं. जात तर मी कागदपत्र असल्याशिवाय लिहीतच नाही. २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ‘पिट बुल’ (आक्रमक म्हणून बदनाम झालेलं नाव) असा शिक्का बसलेल्या कुत्र्यांना, तशाच दिसणाऱ्या पण दुसऱ्या जातीचं नाव लागलेल्या कुत्र्यांपेक्षा तिपटीहून जास्त दिवस वाट पाहावी लागल्याचं दिसलं. रूप तेच, नुसत्या एका शब्दाचा फरक. आणि २०२२ मध्ये अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या माहितीवरून असं निघालं की एकेका कुत्र्याच्या वागण्यातला साधारण ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो. उरलेलं तुम्हाला त्याच्याजवळ बसूनच कळणार.

फोटोबद्दल थोडक्यात. गुडघ्यावर बसा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, जाळीच्या बाहेर आणि उजेडात काढा. काळ्या कुत्र्याला उन्हात नको, मोकळ्या सावलीत उभं करा आणि फोकस डोळ्यांवर ठेवा, नाहीतर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग दिसतो. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसत असेल, कान मागे चिकटलेले असतील, तो सारखा ओठ चाटत असेल, तर तो घाबरलेला आहे. कॅमेरा खाली ठेवा. फोटो उद्या काढता येईल.

आता भुरीबद्दल. हे सांगणं मला अजून जड जातं. भुरीला एकटं राहवायचं नाही. आम्ही नजरेआड झालो की ती दाराशी जाऊन नखांनी खरवडायची. मला हे माहीत होतं, तरी मी लिहिलं, ‘भुरीला माणसांची विलक्षण ओढ आहे.’ ज्या घरानं तिला नेलं तिथे सगळे सकाळी बाहेर पडायचे ते संध्याकाळी यायचे. अकराव्या दिवशी ती परत आली. पुढच्या दोन्ही पंजांची नखं तुटलेली होती, रक्त सुकलेलं होतं. त्या घरची माणसं चांगली होती, तिला सोडताना रडत होती. चूक माझ्या वाक्याची होती.

तेव्हापासून मी ठरवलं की अवघड गोष्ट पहिल्या दोन-तीन वाक्यांत यायलाच हवी, आणि तिच्याबरोबर लागणारी व्यवस्थाही. भुरीचं नवं प्रोफाइल सांगत होतं: ‘भुरी सध्या वीस मिनिटांहून जास्त एकटी राहू शकत नाही. दार खरवडते, नखांना इजा करून घेते. दिवसभर घरी असणारं कुणी हवं आणि हळूहळू सवय लावण्याची तयारी हवी. कुणी खोलीत असेल तर ती दिवसभर पायाशी झोपून असते, आवाजही करत नाही.’ सात आठवडे एकही फोन आला नाही. ते सात आठवडे मी रोज ते वाक्य मऊ करावं का याचा विचार करत होते. मग घरून काम करणाऱ्या एका बाईंचा फोन आला आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, “पायाशी झोपते म्हणजे खुर्चीखाली मावते का?” भुरी आजही त्यांच्याकडे आहे.

चावल्याची नोंद असेल तर ती कशी मांडायची हे तुम्ही एकट्यानं ठरवू नका. ते शेल्टरच्या जबाबदार माणसानं आणि डॉक्टरांनी ठरवायचं, आणि दत्तक घेणाऱ्याला ते तोंडीही सांगायला हवं. औषधोपचाराचा मजकूर डॉक्टरांच्या नोंदीवरून जसाच्या तसा घ्या. न पाहिलेला भूतकाळ लिहू नका. काठी बघून दचकणाऱ्या कुत्र्याला मारहाण झाली असेल असं आपल्याला वाटतं, पण कधीकधी लहानपणी फारसं जग न पाहिलेलं पिल्लूही तसंच दचकतं, कारण साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे दिसतं-ऐकू येतं त्याचीच त्याला सवय होते. ‘काठी, छत्री, झाडू दिसला की मागे सरतो’ एवढं पुरे. कुत्र्याच्या तोंडून ‘मला न्याल का?’ असं लिहिण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. दयेपोटी नेलेलं कुत्रं पहिल्या फाटलेल्या उशीपर्यंत टिकतं, असं मी पाहिलंय.

पुढे नोकरीसाठी लेखनाचे नमुने म्हणून ही प्रोफाइल्स मला उपयोगी पडली. तुम्हीही जपून ठेवा, फक्त शेल्टरची परवानगी घ्या आणि दत्तक घेणाऱ्यांची नावं-पत्ते त्यात राहू देऊ नका. प्रत्येक प्रोफाइलवर तारीख घाला. दोन महिन्यांत कुत्रा बदलतो आणि जुनी ओळख खोटी ठरते.

राणीचं प्रोफाइल मी आतापर्यंत चार वेळा लिहिलंय. ती अंदाजे अकरा वर्षांची आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू, मागचे पाय आखडलेले. आधी वाटायचं, पुन्हा काय लिहिणार. पण दर वेळी तिच्याजवळ बसले की काहीतरी नवं सापडतं. गेल्या शनिवारी ती अंगणातल्या पायरीशी थांबली, पुढचा पंजा खाली टेकवून खोली चाचपली, आणि मग न अडखळता उतरली. परत येताना तसंच चाचपून चढली. पाचव्या खेपेला ती पायरी सगळ्यात वर येणार आहे.