बिडाचा मॅनिफोल्ड आणि माझा पहिला ‘टिण्’

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा. त्या वर्षात माझ्या हाताखालून गेली ती सगळी माइल्ड स्टीलची पट्टी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला लागलो तेव्हा आपल्याला वेल्डिंग येतं असं मला वाटत होतं. दुसऱ्याच आठवड्यात सहा सिलिंडरच्या एका ट्रकचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून पुढे नेणारा बिडाचा नळा. धूर आत येतो त्या दोन तोंडांच्या (पोर्टांच्या) मधे केसासारखी भेग. मेस्त्री जेवायला गेलेले. मी माइल्ड स्टीलसाठीचा नेहमीचा ६०१३ रॉड लावला, पाच मिनिटांत सुबक टाका मारला आणि हात झटकले. मॅनिफोल्ड निवत आला आणि ‘टिण्’ असा आवाज झाला. टाका जागच्या जागी, भेग मात्र त्याच्या कडेने नव्याने गेलेली.

मेस्त्री वाकून बघत म्हणाले, “टाका झकास हाय. पर कशावर मारलास?”

बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, साधारण २.५ ते ४ टक्के कार्बन असतो, माइल्ड स्टीलमध्ये ०.२५ टक्क्याच्या आसपास किंवा कमीच. टाक्याच्या कडेचं तापलेलं बीड झटकन निवलं की हा कार्बन ग्राफाइट होऊन सुटा राहत नाही, काचेसारखा ठिसूळ थर बनतो. वरून टाका आकसताना ओढ लावतो. स्टील अशा वेळी जरा ताणलं जातं, बीड थेट फुटतं.

म्हणून आधी ओळख. काजळी घासून अंगावरची ओतीव अक्षरं शोधा. ‘एफजी’ असेल तर करडं बीड, ‘एसजी’ असेल तर गोळीदार ग्राफाइटचं, जरा लवचीक. बहुतेक वेळा अक्षरं सापडतच नाहीत. लोहचुंबक काढू नका, तो दोन्ही बिडांना चिकटतो आणि साध्या स्टीललाही. टांगून हातोडीने हलकं ठोका: करडं बीड बद्द वाजतं, एसजी आणि स्टील घणघणतं. मात्र भेग असली की सगळंच बद्द वाजतं, त्यामुळे या एकाच परीक्षेवर जाऊ नये. कोपऱ्यात बारीक ड्रिल मारलं तर करड्या बिडाचा काळा भुगा पडतो, स्टीलची वळणदार कीस निघते. माझा भरवसा ग्राइंडरवर. करड्या बिडाच्या ठिणग्या आखूड आणि चाकाजवळ लालसर, स्टीलच्या लांब आणि उजळ, एसजीच्या या दोघांच्या मधल्या. आठवणीवर विसंबू नका. शेजारी जुना ब्रेक ड्रम आणि लोखंडी पट्टी ठेवून तिन्हींच्या ठिणग्या एकापाठोपाठ बघा.

आता वेल्डिंग. भेगेची टोकं डाय पेनेट्रंटने, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने, शोधायची आणि टोकाच्या जरा पुढे ३ मिमीचं भोक पाडायचं, नाहीतर ती पुढे पळते. मग व्ही खाच काढून, गॅसच्या ज्योतीने आतलं तेल आणि काजळी जाळून टाकायची. यात घाई केली की टाक्यात जाळी (बारीक छिद्रं) पडते. करड्या बिडाला निकेलचा रॉड चालतो. एसजीला किंवा जाड भागाला निकेल-लोखंडाचा, ज्यात निम्म्याहून जास्त निकेल असतं. महाग आहे. पितळेने ब्रेझिंग (बीड न वितळवता पितळ वितळवून सांधणं) स्वस्तात होतं, पण लोडवरच्या डिझेलचा धूर ६०० अंशांच्या वर जातो, तिथे पितळात जोर उरत नाही.

मी थंड पद्धत वापरतो: जेमतेम २५ मिमीचा टाका, गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलकं ठोकणं, हात लावता येईल इतकं निवू देणं, मग पुढचा टाका दुसऱ्या टोकाला. मेस्त्री अख्खा मॅनिफोल्ड ३०० अंशांपर्यंत तापवून, वेल्ड करून, चुन्याच्या भुकटीत रात्रभर गाडून ठेवायचे. दोन्ही चालतं. अर्धवट तापवून घाईने वेल्ड करणं तेवढं चालत नाही.

वेल्डिंगआधी मॅनिफोल्ड जाड प्लेटवर बोल्ट करा, नाहीतर फ्लँज (इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडा) वाकतात. शेवटी सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. फट दिसली तर फेस मारून, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्या. वाकडा फ्लँज बोल्ट आवळून बसवला की मॅनिफोल्ड पुन्हा तिथेच फुटतो. दोन-तीन तुकड्यांच्या मॅनिफोल्डमध्ये एकात एक सरकणारे सांधे असतात, ते वेल्ड करू नका. ती ढिलाई तापल्यावर फुगायला जागा म्हणूनच ठेवलेली असते.

आणि रॉड टेकवताच बीड खदखदून टाका गोळ्या होऊन सुटायला लागला, तर आतून गंज मुरलेला आहे. मी असा मॅनिफोल्ड मजुरी न घेता परत देतो.