जपानची लाल पानं रेल्वेच्या खिडकीतून: सहल कशी आखावी

जपानला जायचं ठरलं की आपल्याकडे पहिली यादी होते ती गावांची. टोकियो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा आणि मध्ये कुठंतरी फुजी कोंबायचा. शरदातल्या सहलीसाठी ही सुरुवातच उलटी आहे. आधी रजेच्या तारखा कागदावर लिहा आणि त्या तारखांना रंग कुठं असेल ते शोधा. गावांची नावं त्यानंतर. कारण पानांचा रंग एका जागी थांबत नाही. सप्टेंबरच्या मध्यावर होक्काइदोतल्या दाइसेत्सुझानच्या डोंगरांवर तो उमटतो, तिथून दक्षिणेकडे सरकतो, डोंगरावरून खाली उतरतो आणि क्योतोच्या देवळांत ऐन भरात येईपर्यंत नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडतो. आपल्या ऑक्टोबर हीटलाही शरदच म्हणतात, हे तिथं स्वेटर घालताना आठवून गंमत वाटते.

तारखेवरून गाव

जपानीत या रंगाला कोयो म्हणतात. पहाटेचं तापमान आठ अंशांच्या आसपास उतरलं की पानं रंग बदलू लागतात. म्हणून दोनच गोष्टी तपासायच्या: जागा किती उत्तरेला आहे आणि किती उंचीवर आहे. टोकियोपासून दोनेक तासांवरच्या निक्कोतच हे दिसतं. वर सुमारे १,२७० मीटर उंचीवरच्या चुझेन्जी सरोवराकाठी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रंग भरतो, तर खाली देवळांपाशी नोव्हेंबर उजाडावा लागतो. एकाच गावाचे दोन हंगाम.

आपल्या बहुतेकांची लांब रजा दिवाळीला जोडून असते, आणि दिवाळी तर दरवर्षी जागा बदलते. ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर तोहोकू म्हणजे मुख्य बेटाचा उत्तर भाग धरा, त्यातही नारुकोची घळ. नाहीतर टोकियोजवळच्या निक्कोचा वरचा भाग. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आली (२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे) तर आइझु, हिदा-ताकायामा आणि कोयासान ही डोंगरांतली ठिकाणं. त्या दिवसांत क्योतो बरंचसं हिरवंच असतं. फोटोतलं लालभडक क्योतो डोळ्यांसमोर ठेवून ५ नोव्हेंबरला तिथं उतरलेली मंडळी हिरमुसतात. त्यांना क्योतोच हवं असेल तर दिवाळी घरी करून २० तारखेनंतर निघावं.

३ आणि २३ नोव्हेंबरला जपानात सार्वजनिक सुट्टी असते. २३ तारखेच्या आसपास क्योतोत राहायची जागा आधीपासून घेतलेली नसेल तर नाद सोडा आणि ओसाकात राहा. तिथून फास्ट गाडीने अर्ध्या तासात क्योतो गाठता येतं.

पास घ्यावा का?

बहुतेकांनी घेऊ नये. जपान रेल पासची महती सांगणारे सल्ले जुन्या दरांवर बेतलेले आहेत. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला मिळायचा, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योतो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं भाडं साधारण १४,००० येन पडतं, म्हणजे जाऊन-येऊनही पासचे पैसे वसूल होत नाहीत. आठवड्यात तीन-चार लांब पल्ले मारणार असाल तरच हिशोब मांडा, आणि मांडताना त्या दिवशीचा दर बघा.

प्रादेशिक पास मात्र अजून कामाचे आहेत. टोकियोहून कानाझावामार्गे क्योतो-ओसाकाला जायचं असेल तर होकुरिकू आर्च पास बघावा. पण जेआरचा (जपान रेल्वेजचा) पास जेआरच्याच गाड्यांना चालतो. क्योतोची एइझान, ओसाकाहून कोयासानला जाणारी नानकाई, आसाकुसाहून निक्कोला जाणारी तोबू या खासगी कंपन्या आहेत. तिथं वेगळं तिकीट.

शहरांतल्या प्रवासासाठी सुइका, पास्मो किंवा इकोका यांपैकी कुठलंही एक कार्ड पुरतं. आयफोनच्या वॉलेटमध्ये सुइका थेट भरता येतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये ते सहसा चालत नाही, त्यामुळे प्लास्टिकचं कार्ड घ्या. कार्ड एका विभागात (समजा टोकियोकडे) टॅप करून दुसऱ्या विभागात (समजा क्योतोकडे) उतरायला जाऊ नका, फाटकातच अडकाल. लांब पल्ल्याला कागदी तिकीट बरं.

त्या तिकिटाची एक गोम आहे. जलद गाडीला बहुधा दोन कागद मिळतात: एक मूळ भाड्याचा, एक जलदपणाचा. फाटकात दोन्ही एकत्र घालायचे आणि पलीकडे आले की उचलायचे. गाड्यांचे प्रकार मुंबईकराला लगेच कळतात. फुत्सू म्हणजे स्लो, काइसोकू म्हणजे फास्ट. दोघींना साधं भाडंच. तोक्क्यू म्हणजे एक्सप्रेस, तिला वरचे पैसे.

आरक्षण आणि बोजा

बऱ्याच गाड्यांचं आरक्षण एक महिना आधी, जपानमधल्या सकाळी १० वाजता उघडतं. आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. तत्काळ तिकिटाच्या सवयीने सगळंच धडपडून काढायची गरज नाही, कारण टोकियो-क्योतोच्या गाड्या दर काही मिनिटांनी सुटतात. मोजक्या गाड्यांसाठी मात्र त्या दिवशी लवकर उठा. त्या पुढे येतीलच. टोकियोहून थेट क्योतोला जाणार असाल तर ई क्रमांकाची खिडकी मागा. हवा स्वच्छ असली तर साधारण पाऊण तासाने उजवीकडे फुजी दिसतो.

मोठ्या बॅगेचं काय करायचं? तोकाइदो (टोकियो-क्योतो-ओसाका), सान्यो आणि क्युशू या मार्गांवरच्या शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर डब्यातली सगळ्यात मागची, सामानाच्या जागेसह मिळणारी सीट आरक्षित करावी लागते. जादा पैसे नाहीत, पण आरक्षण न करता बॅग नेली तर १,००० येन द्यावे लागतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे ताक्क्यूबिन. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या मुक्कामाचा पत्ता लिहायचा, ती बहुधा दुसऱ्या दिवशी तिथं हजर. बॅगेमागे साधारण दोन-तीन हजार येन जातात. चार जिने आणि दोन बदल्या असलेल्या दिवशी हे पैसे अजिबात जड वाटत नाहीत. पाठीवर दोन दिवसांची सॅक ठेवा आणि खेड्यांत हलके हिंडा.

एक मार्ग, नोव्हेंबरच्या सुरुवातीचा

नऊ-दहा दिवस हातात असतील तर मी असा जाईन. टोकियोत दोन रात्री काढून तोहोकू शिंकान्सेनने सुमारे दीड तासात कोरियामा. तिथं गाडी बदलून आणखी तासाभरात आइझु-वाकामात्सु. वाटेत बांदाइ डोंगर दिसतो. गावात साझाएदो नावाचं १७९६ सालचं लाकडी देऊळ आहे. त्याचा चढायचा उतार वेगळा, उतरायचा वेगळा आणि दोन्ही एकमेकांभोवती पिळलेले, त्यामुळे वर जाणारा आणि खाली येणारा वाटेत कधी भेटत नाहीत. ते बघायला विसरू नका, पण या गावी यायचं खरं कारण तादामी लाइन आहे.

आइझु-वाकामात्सु ते कोइदे, १३५ किलोमीटर, एकेरी रूळ, डिझेलचे डबे. २०११ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत या मार्गावरचे पूल वाहून गेले. प्रवासी इतके थोडे होते की मार्ग कायमचा बंद होणार असं वाटत होतं. गावांनी आणि फुकुशिमा प्रांताने तो धरून ठेवला, आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी संपूर्ण मार्ग पुन्हा सुरू झाला. पण आरपार जाणाऱ्या गाड्या दिवसाला जेमतेम तीन. एक पहाटे, एक दुपारी, एक संध्याकाळी. संध्याकाळची रंग बघायला निरुपयोगी, कारण नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार पडतो. पहाटेची धरा. साडेचार तास लागतात. तादामी नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे येते, त्यामुळे कुठली खिडकी मिळाली याची चिंता नको. धुकं पाण्यावर असतं, दोन्ही बाजूंचे डोंगर पिवळे-तांबडे, आणि लोखंडी कमानीच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा डब्यातले म्हातारे जपानी आजोबासुद्धा उठून उभे राहतात. प्रसिद्ध फोटो मात्र गाडीतून मिळत नाही. त्यासाठी मिशिमा गावाजवळच्या टेकडीवरून पहिल्या क्रमांकाचा पूल बघावा लागतो, आणि वेळापत्रकाशी झुंजत अर्धा दिवस द्यावा लागतो. मी सांगेन, गाडीतच बसा.

खेड्यातल्या अशा गाड्यांची रीत वेगळी आहे. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबायचं. पुष्कळ गाड्यांत चालक एकटाच असतो. फलाटावर फाटक नसलेल्या स्टेशनात मागच्या दाराने चढायचं आणि दाराशी यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची. पुढे टांगलेल्या फलकावर त्या आकड्याखाली भाडं वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि नेमके पैसे चालकाजवळच्या पेटीत टाकायचे. सुटे नसतील तर तिथंच यंत्र असतं, मात्र ते हजाराची नोट मोडतं, दहा हजाराची नाही. हे सगळं उतरायच्या आधी, गाडी सिग्नलला वगैरे थांबली असताना उरकावं. माझ्यामुळे एकदा अख्खी गाडी दीड मिनिट थांबली होती. कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

कोइदेहून दोन स्टेशनांवर उरासा. तिथून शिंकान्सेनने ताकासाकी, आणि गाडी बदलून कानाझावा. नकाशावर हा वळसा वेडगळ दिसतो, प्रत्यक्षात दिवस मावळायच्या आत होतो. कानाझावाच्या केन्रोकुएन बागेत १ नोव्हेंबरपासून माळी झाडांना दोऱ्या बांधू लागतात. जड बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून मधल्या उंच खांबापासून छत्रीच्या काड्यांसारख्या दोऱ्या सोडतात. पानं अजून रंगीत आणि वर हिवाळ्याची तयारी, असं दृश्य या दोन-तीन आठवड्यांतच दिसतं.

मार्च २०२४ पासून शिंकान्सेन कानाझावाच्या पुढे त्सुरुगापर्यंत जाते. क्योतोला जाताना तिथं उतरून थंडरबर्ड एक्सप्रेस पकडायची. बदलायला मिनिटं थोडी असतात, पण ती खालच्याच मजल्यावर उभी असते. तिच्या सगळ्या सीट आरक्षित आहेत, म्हणून तिकीट आधी काढा. साडेसहाला उठायच्या गाड्यांमध्ये ही एक.

क्योतोत तारीख लवकरची असेल तर शहरातल्या बागा सोडून डोंगराकडे तोंड करा. देमाचियानागीहून एइझान रेल्वेची छोटी गाडी कुरामाला जाते. इचिहारा आणि निनोसे या स्टेशनांच्या मध्ये सुमारे २५० मीटर ती मेपलच्या बोगद्यातून जाते आणि वेग कमी करते. संध्याकाळी झाडांवर दिवे सोडतात. सागानोची उघड्या डब्यांची तोरोक्को गाडी यापेक्षा प्रसिद्ध आहे: ७.३ किलोमीटर, पंचवीस मिनिटं, खाली होझू नदी. साडेसहाला उठायची दुसरी गाडी हीच. तिचं एकाच बाजूचं तिकीट काढा. शेवटच्या स्टेशनापासून दहा मिनिटं चाललं की उमाहोरीचं जेआर स्टेशन येतं, तिथून साध्या लोकलने परत या.

जेवणाचं, आणि कोयासान

शाकाहारी माणसाला जपानात जेवण मिळत नाही असं नाही, पण भाजीच्या रश्शातही बोनितो माशाचा अर्क असतो. स्टेशनांवरचे एकिबेन डबे दिसायला देखणे, पण बहुतेकांत मासे किंवा चिकन असतंच. रोजच्या भुकेला दुकानातली ओनिगिरी (आत उमेबोशी हे आंबट लोणचं भरलेला भाताचा गोळा), भाजलेली रताळी आणि घरून आणलेले खाकरे, चिवडा, दशम्या चालतात. ताजी फळं-भाज्या आणि मांसाचे पदार्थ विमानतळावरच अडवतात, तेव्हा कढीपत्त्याची पुडी घरीच राहू दे. शिंकान्सेनमध्ये डबा उघडायला हरकत नाही, पण लोकलमध्ये कुणी खात नाही. कचऱ्यासाठी पिशवी जवळ ठेवा, रस्त्यावर डबे क्वचितच दिसतात.

पोटभर आणि निर्धास्त जेवायचं असेल तर शेवटचे दोन दिवस कोयासानला ठेवा. कुकाइ या भिक्षूने नवव्या शतकात वसवलेलं, सुमारे ८०० मीटर उंचीवरचं हे देवळांचं गाव क्योतोच्या आधी रंगतं. ओसाकातल्या नांबाहून नानकाईची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत, मग पाच मिनिटांची केबल कार, मग बस. स्टेशनपासून गावात जाणाऱ्या त्या रस्त्यावर पायी चालायला बंदी आहे, म्हणून बसला पर्याय नाही. मुक्काम देवळातच. संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण येतं: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूण नाही, रस्सा कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (अळंबी) यांचा, तिळाचं घट्ट पांढरं गोमा-दोफू. पोचायला उशीर करू नका, ते थांबत नाहीत.

पहाटेच्या उपासनेला काही देवळांत गोमा असतो. आगीत समिधा टाकत मंत्र म्हणणारा भिक्षू पाहिला की शब्द ओळखीचा का वाटतो ते उलगडतं: तो आपला होम. ओकुनोइन या तिथल्या दफनभूमीच्या दोन किलोमीटर वाटेवर, उंच देवदारांखाली हजारो समाध्या आहेत, आणि कित्येकांच्या दगडांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली आहेत. शेवाळ बाजूला न करता, नुसतं वाकून बघा. नीट पाहिलं तर एखादं अक्षर लागतंही.

परतीचं विमान कान्साइ विमानतळावरून घ्या. खाली येताना नांबापर्यंत जाऊ नका. तेंगाचायाला उतरून विमानतळाची नानकाई गाडी पकडता येते. कोयासानहून विमानतळापर्यंत केबल कार, बदल्या धरून तीन तास ठेवा, आणि कार्डात उरलेले येन विमानतळावरच्या दुकानात संपवून टाका.