एकाच पेनड्राईव्हवर विंडोज, लिनक्स सगळं: बनवायचं कसं आणि अडलं तर नेमकं कुठं बघायचं

मल्टिबूट पेनड्राईव्ह, म्हणजे ज्याच्यावरून मशीन सुरू करून विंडोज, लिनक्स हवं ते बसवता येतं असा पेनड्राईव्ह, बनवणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे भाऊ, वेळ जातो तो पुढं, म्हणजे मशीनला लावल्यावर काहीच होत नाही तेव्हा. चोपडा, अमळनेर, धरणगाव या पट्ट्यात बरीच पोरं आता स्वतःच पीसी फॉरमॅट करतात आणि त्यांचे फोन साधारण एकच वाक्य सांगतात, "भाऊ, बूटच होत नाहीये". आता "बूट होत नाही" म्हणजे नेमकं काय? मशीनला पेनड्राईव्हच दिसत नाही, का पेनड्राईव्हचा मेनू येतो पण आयएसओ (विंडोज किंवा लिनक्सची पूर्ण इन्स्टॉल फाईल) चालत नाही, का आयएसओ चालते पण इन्स्टॉलरला आतली डिस्क सापडत नाही? या तिन्ही भानगडी वेगळ्या आणि इलाजही वेगळे. कुठं अडलंय ते आधी ओळखा, मग हात लावा. नाहीतर परत परत पेनड्राईव्ह फॉरमॅट करण्यात अख्खी दुपार जाते आणि गोची बायोसमधेच (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधे) असते.

बनवायला व्हेंटॉय नावाचं टूल वापरा. रूफस हे दुसरं टूलही चांगलंच आहे, पण ते एका वेळी एकच आयएसओ टाकतं, दुसरी पाहिजे की सगळं पुसून परत. व्हेंटॉय फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०२० पासून आहे आणि त्याची गंमत अशी की एकदा इन्स्टॉल केलं की आयएसओ फाईली नुसत्या कॉपी-पेस्ट करायच्या, पिक्चर टाकतो तशा. पेनड्राईव्हचे तो दोन भाग करतो, एक मोठा एक्सफॅटचा (फाईली ठेवायची एक पद्धत), ज्यात तुमच्या फाईली राहतात, आणि दुसरा फक्त ३२ एमबीचा, ज्यात त्याचा स्वतःचा बूटलोडर (बूट सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) असतो. कधीकधी विंडोजमधे हा छोटा भाग वेगळा ड्राईव्ह म्हणून दिसतो, व्हीटॉयईएफआय अशा नावाने, त्यात काही टाकू नका आणि "फॉरमॅट करू का" असं विचारलं तर सरळ कॅन्सल करा.

पेनड्राईव्ह ६४ जीबीचा घ्या, ३२ चा लवकर भरतो, कारण विंडोज ११ ची एकटी आयएसओच पाच-सात जीबीची, लिनक्समधे मिंट तीनच्या आसपास, उबुंटू सहाच्या घरात. यूएसबी ३ चाच घ्या. आणि पडेल भावात १ टीबी लिहिलेला मिळाला तर तो आधी तपासा, एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं टूल आहे, ते पूर्ण ड्राईव्ह भरून वाचून बघतं आणि खरी जागा किती ते सांगतं. नकली ड्राईव्हवर फाईल कॉपी झालेली दिसते, साईजही बरोबर दिसते, आत मात्र कचरा असतो, आणि मग इन्स्टॉल ४० टक्क्यांवर जाऊन मरतं आणि आपण बिचाऱ्या हार्डडिस्कला दोष देत बसतो.

व्हेंटॉय त्याच्या स्वतःच्या साईटवरून किंवा गिटहबवरूनच उतरवा, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली झिप घेऊ नका. झिप उघडून व्हेंटॉय-टू-डिस्क चालवा. त्याआधी बाकीचे पेनड्राईव्ह, एक्स्टर्नल हार्डडिस्क सगळं काढून ठेवा, हे मनापासून सांगतोय, यादीत चुकीचं नाव निवडलं गेलं तर घरातले लग्नाचे फोटो गेले समजा. ऑप्शनमधे जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी बूट प्रोग्राम अडवणारं मशीनचं कुलूप) सपोर्टला टिक आहे ना ते बघा, पार्टिशन स्टाईल (डिस्कचे भाग नोंदवायची पद्धत) एमबीआरच राहू द्या, तो जुन्या बायोसवरही चालतो आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआयवरही. मग इन्स्टॉल दाबा, दोनदा विचारतो, दोनदा हो म्हणा. पुढं कधी व्हेंटॉयचं नवं व्हर्जन आलं तर इन्स्टॉल दाबायचं नाही, अपडेट दाबायचं, अपडेटने आयएसओ जशाच्या तशा राहतात.

आता कॉपी करणं. इथं खान्देशातल्या माणसाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे लाईट. एक्सफॅटला जर्नलिंग (लिहिताना ठेवलेली नोंद) नसतं, म्हणजे अर्ध्या कॉपीत लाईट गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसला तर फाईल खराब व्हायची शक्यता पक्की, आणि नावावरून ते कळतही नाही. लॅपटॉपवरून कॉपी करा, तेच बरं. दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा ते छोटे पत्र्याचे पेनड्राईव्ह वीस-तीस जीबी सलग कॉपी करताना हाताला चटका बसेल इतके तापतात, स्पीड एकदम पडतो, कधी मधेच डिसकनेक्ट होतात. सकाळी करा, नाहीतर एकेक आयएसओ थांबत थांबत टाका. आणि कॉपीची हिरवी पट्टी संपली म्हणून लगेच उपटू नका, इजेक्ट करूनच काढा, लिनक्सवर तर पट्टी संपल्यावरही मागं लिहिणं चालू असतं.

आयएसओ बरोबर उतरली का ते बघायची सोपी पद्धत म्हणजे सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाईलवर राईट क्लिक करून त्यातून एसएचए-२५६ (फाईलच्या ठशासारखा लांब आकडा) काढायचा आणि साईटवर दिलेल्या आकड्याशी जुळवायचा. पेनड्राईव्हवर गेल्यावरची तपासणी व्हेंटॉयच्या मेनूतच आहे, आयएसओ निवडली की पुढच्या पानावर फाईल चेकसम (तसाच आकडा काढायचा पर्याय) असतं. मोबाईल हॉटस्पॉटवर तुटत तुटत उतरवलेली फाईल असेल तर हे कराच.

कुठल्या आयएसओ ठेवायच्या? विंडोज ११, लिनक्स मिंट एक्सएफसीई, हिरेन्स बूट सीडी पीई (पेनड्राईव्हवरूनच चालणारं दुरुस्तीचं विंडोज), जीपार्टेड (डिस्कचे भाग करायला) आणि मेमटेस्ट (रॅम तपासायला), एवढ्यावर नव्वद टक्के कामं होतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं जुन्या पीसीचं काय करायचं हा प्रश्न सगळीकडे आहे. माझं मत स्पष्ट आहे, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नसलेल्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ बसवण्यापेक्षा मिंट द्या, शाळेतल्या पोरांना आणि नुसतं ब्राउझर वापरणाऱ्यांना काही अडत नाही. कोअर टू ड्युओवर तर जुगाडही चालत नाही, कारण २४एच२ या व्हर्जनपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमधे पॉपसीएनटी ही सूचना लागतेच आणि ती त्या पिढीत नाहीच. ३२ बिटचं मशीन असेल तर अँटीएक्स हे हलकं लिनक्स बघा.

आता अडल्यावर काय ते बघू.

मशीनला पेनड्राईव्हच दिसत नसेल तर आधी बूट मेनूची की बरोबर दाबताय का ते बघा. एचपीला एफ९, डेल आणि लेनोव्होला एफ१२, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप, एमएसआयला एफ११. एसरला एफ१२ आहे पण बऱ्याच मॉडेलमधे बायोसमधे जाऊन तो मेनू आधी चालू करावा लागतो. तरी दिसत नसेल तर विंडोजमधून शटडाऊन न करता रिस्टार्ट करा, फास्ट स्टार्टअपमुळं शटडाऊन केलेला पीसी खरा बंद झालेलाच नसतो. डेस्कटॉपला पुढचा पोर्ट सोडून मागचा, बोर्डावरचा पोर्ट वापरा.

पेनड्राईव्ह निवडला आणि निळ्या पडद्यावर व्हेरिफिकेशन फेल्ड, सिक्युरिटी व्हायोलेशन असं आलं की लोक घाबरतात. काही झालेलं नाही, सिक्युअर बूट चालू आहे आणि मशीन व्हेंटॉयला ओळखत नाहीये इतकंच. ओके करा, पुढं "कोणतीही की दाबा" म्हणून दहा सेकंदांचा काउंटडाऊन येतो, तो सुटू देऊ नका. मग एनरोल की फ्रॉम डिस्क, त्यात व्हीटॉयईएफआय, त्यात एनरोल धिस की ने सुरू होणारी एकच फाईल असते ती निवडा, कंटिन्यू, येस, रिबूट. हे त्या मशीनवर एकदाच करायचं. इतकं करूनही जमलं नाही तरच सिक्युअर बूट बंद करा, पण थांबा, त्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) बघा. आजकालच्या लॅपटॉपमधे डिव्हाईस एन्क्रिप्शन मालकाला न कळता चालू असतं, बायोसमधे सेटिंग बदलली की पुढच्या बूटला ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती असते ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सुरू केला त्यात, जो दुकानदाराने घाईत काढून दिलेला असतो आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. की आधी लिहून घ्या, मगच बायोसला हात लावा.

मेनू आला, आयएसओ निवडली आणि नो बूटफाईल फाऊंड फॉर यूईएफआय असं आलं तर बहुतेक एकतर आयएसओ ३२ बिटची किंवा फक्त जुन्या बायोससाठीची आहे, नाहीतर फाईल खराब आहे. नुसती काळी स्क्रीन येऊन अडकत असेल तर नॉर्मल मोडऐवजी ग्रब२ मोड घेऊन बघा, विंडोजसाठी विमबूट मोड. इन्स्टॉलर सुरू होऊन "मीडिया ड्रायव्हर मिसिंग" म्हणाला तर यूएसबी २ च्या पोर्टला लावून बघा, बरेचदा तेवढ्यावर सुटतं, नाही सुटलं तर आयएसओ परत उतरवा.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती डिस्क निवडायच्या पानावर. सेतू केंद्राचा नवा लॅपटॉप, विंडोजचा सेटअप मस्त चालला, आणि ड्राईव्हची यादी पूर्ण कोरी. एसएसडी गेली असं समजू नका. इंटेल ११ व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमधे व्हीएमडी (एसएसडी हाताळायची इंटेलची वेगळी पद्धत) चालू असतं आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या साईटवरून त्या मॉडेलचा इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर घ्या, उघडून त्याचं फोल्डर व्हेंटॉयच्या मोठ्या भागात टाकून ठेवा आणि सेटअपमधे लोड ड्रायव्हर करून तिथं बोट दाखवा, डिस्क लगेच दिसते. व्हीएमडी बायोसमधून बंद करूनही दिसते, पण आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर तसं करू नका, ते उठणार नाही.

डिस्क दिसते पण "जीपीटी स्टाईलची आहे, इथं इन्स्टॉल होणार नाही" असं म्हणतो, म्हणजे डिस्क यूईएफआयच्या पद्धतीची आहे आणि तुम्ही लेगसी (जुन्या बायोसच्या) मोडमधे बूट केलंय. रिस्टार्ट करा आणि बूट मेनूत तोच पेनड्राईव्ह दोनदा दिसत असेल तर ज्याच्यापुढं यूईएफआय लिहिलंय तो घ्या. लोक इथं नेटवर वाचून शिफ्ट एफ१० दाबतात आणि डिस्कपार्टमधे क्लीन (अख्खी डिस्क कोरी करायची कमांड) मारतात, त्याने मेसेज जातो आणि डेटाही जातो. सावदा-रावेरकडच्या केळीच्या पेढीवरचा पीसी असला तर त्यात टॅलीचा डेटा फोल्डर असतो, श्रीलिपीचे फॉन्ट असतात, कपाशीच्या जिनिंगवाल्याचंही तेच. ते हिरेन्स पीई मधून बूट करून आधी दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या, मालक "काही नाही त्यात" म्हणाला तरी. सेतूवाल्याला फॉरमॅटनंतर बायोमेट्रिक मशीनची आरडी सर्व्हिस आणि डीएससी (डिजिटल सही) टोकनचा ड्रायव्हर परत टाकायला लागतो, ते सेटअप त्याच पेनड्राईव्हवर ठेवलेले बरे.

नवी एसएसडी आणि जुनी हार्डडिस्क दोन्ही असतील तर इन्स्टॉल करताना जुनीची केबल काढा. नाहीतर विंडोज बसतं एसएसडीवर आणि बूटलोडर जातो जुन्या डिस्कवर, मग ती जुनी डिस्क सहा महिन्यांनी मेली की चांगली एसएसडी असूनही पीसी उठत नाही.

आणि पहिल्या रिस्टार्टला परत व्हेंटॉयचाच मेनू आला तर इन्स्टॉल फसलेलं नाही, बूट ऑर्डरमधे पेनड्राईव्ह वर आहे. एफ४ दाबा, आतल्या डिस्कवरून बूट होतं आणि उरलेला सेटअप पुढं चालू होतो. मग पेनड्राईव्ह काढून घ्या.